झामातून

अहवालाच्या शेवटी एक तक्ता आहे.
डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे माझा.
खांब, कमान, कोनाडा पटापट उतरले.
पंधराव्या ओळीवर तीन दिवस अडून बसले आहे:
झामातून.

मठाच्या चर्चला पश्चिमेकडून चिकटलेली
ही चौकोनी, अंधारी खोली.
पाहुणी म्हणून आली
आणि यजमानाहून ऐसपैस बसली.

सभामंडप, असं लिहिलं. खोडलं.
मंडपातून वारा खेळतो,
इथे भिंतीची जाडी मोजताना माझा हात पुरला नाही.
ओसरी, असं लिहिलं. ओसरीवर
कुणी चपला काढतं, कुणी शेंगा सोलतं;
इथे फरशीखाली माणसं ओळीने निजली आहेत
आठशे वर्षं.
खोडलं.

किल्ल्या शोघाकातकडे असतात,
एप्रनच्या खिशात, सुकवलेल्या जर्दाळूंबरोबर.
तिचं रशियन लंगडं, माझं त्याहून.
दोन लंगडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून
जितकं चालतील तितकंच आम्ही बोलतो.
झाम म्हणजे तास, म्हणाली,
आणि मनगटावर टिचकी मारली.
झाम म्हणजे प्रार्थनाही.
तुन म्हणजे घर.
ह्या वेळी तिने काहीच दाखवलं नाही,
होती तिथेच जरा घट्ट उभी राहिली.

मला हसू आलं. कसं सांगू हिला,
आमच्याकडे -तून लागला की
माणूस निघालेलाच असतो.
घरातून, गावातून, मनातून.
तुमचं घर आमच्याकडे
प्रत्यय होऊन शब्दांना उंबऱ्याबाहेर काढतं.

पहिल्या दिवशी मी थडग्यांना वळसे घालत
टेप ओढत होते.
तरी एकदा पाय लागलाच,
आणि हात आपसूक खाली जाऊन छातीशी आला.
शोघाकातने बाही धरून मला
त्याच शिळेच्या मधोमध उभं केलं.
झिजल्या अक्षरांवर बुटाचं टोक फिरवत वाचलं:
माझ्यावरून जाणाऱ्यांनो,
पुढचं पायांनी खाल्लंय.
त्यानेच मागितलंय, म्हणाली.
तू वळसा घातलास तर त्याला आठवणार कोण?

छताच्या मध्यावर आभाळाएवढं नाही,
पण परातीएवढं भोक आहे. येर्दिक.
त्याला मी झरोका लिहून मोकळी झाले होते.
काल त्यातून बर्फ पडलं.
अगदी सरळ, कुणी वरून चाळणी धरल्यासारखं,
आणि खाली एका शिळेवरच साठलं.

ती शिळा शोघाकातची.
अख्ख्या मठात तिथेच रेंज येते.
रोज चारला ती तिथे उभी राहते,
दोन्ही पाय कुणा मेलेल्याच्या नावावर,
तोंड वर, फोन कानाशी.
मुलगा क्रास्नोदारला लोकांच्या घरांत फरश्या बसवतो.
तीन मिनिटं. जेवलास का. गुडघे कसे आहेत.
मग भोकाकडे पाहून मान हलवते,
जणू तो तिथूनच बोलत होता.

काल तिने बर्फ झाडलं, उभी राहिली.
चार वाजले.
सव्वाचारला मी टेप गुंडाळली.
साडेचारला उजेड शिळेवरून उतरून
खांबाच्या पायाशी गेला.
ती हलली नाही.
डोक्यावरच्या रुमालावर बर्फ बसत होतं
आणि तिने ते झाडलं नाही.
मी जवळ गेले. तिने माझ्याकडे न बघता
मनगटावर टिचकी मारली.

रात्री खोलीत हीटरपाशी बसून
घटकेचं घर, असं लिहिलं.
मग आठवलं, आपल्याकडे घटका भरतेसुद्धा.
पेन्सिलने खोडलं, पण हलक्या हाताने,
वाचता येईल इतपत.

पंधराव्या ओळीत उजवीकडे जागा कोरी आहे.
शेऱ्याच्या रकान्यात मात्र लिहिलंय:
उत्तर-दक्षिण दहा मीटर चाळीस.
छताला भोक आहे.
त्याखाली उभं राहता येतं.